बडोद्याच्या रस्त्यांवर हायब्रिड : टोयोटा हायरायडरच्या दीर्घ वापराचे परीक्षण

पडद्यांच्या आणि सोफ्याच्या कापडाच्या आमच्या व्यवसायासाठी खरे तर एक छोटी हायब्रिड पिकअप हवी होती. अमेरिकेत फोर्डने जून २०२१ मध्ये मॅव्हरिक ही अशी पिकअप जाहीर केली. तिच्या मूळ मॉडेलमध्येच २.५ लिटरचे पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटार एकत्र होती, दोघांची मिळून ताकद १९१ अश्वशक्ती होती आणि मागच्या हौद्यात सुमारे ६८० किलो माल नेता येत होता. त्यानंतर तीनच महिन्यांनी, सप्टेंबर २०२१ मध्ये, फोर्डने भारतातील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. आमच्यापासून फार दूर नसलेला साणंदचा त्यांचा कारखाना पुढे टाटांकडे गेला. आपल्याकडे छोट्या पिकअप डिझेल, पेट्रोल, सीएनजी किंवा पूर्ण विजेवरच्या मिळतात, मात्र बाहेरून चार्ज न करता चालणारी पूर्ण हायब्रिड पिकअप मिळत नाही. म्हणून त्याच तत्त्वावर चालणारी आणि मागची सीट पाडली की कापडाचे तागे सामावून घेणारी गाडी शोधली आणि टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडरची स्ट्राँग हायब्रिड आवृत्ती घेतली. तिला आता तीन वर्षे उलटून गेली आहेत आणि ती रोज कामावर असते. हायब्रिड गाडी दीर्घकाळ टिकते का, तिच्यावर धंदा अवलंबून ठेवता येतो का, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर या परीक्षणात द्यायचे आहे.

गाडीची रचना थोडी समजून घेतल्याशिवाय टिकाऊपणाबद्दल बोलण्यात अर्थ नाही. हायरायडरमध्ये १४९० सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन आहे आणि सोबत सुमारे ८० अश्वशक्तीची विद्युत मोटार आहे. दोन्ही मिळून सुमारे ११५ अश्वशक्ती देतात. इंजिन ॲटकिन्सन पद्धतीने चालते, म्हणजे हवा आत घेणारा व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो आणि जळलेल्या वायूच्या प्रसरणातून जास्त काम काढून घेतले जाते. अशा इंजिनाला कमी वेगात जोर कमी असतो, आणि नेमकी तीच उणीव मोटार भरून काढते. इंजिन, जनरेटर आणि मोटार हे तिघे एका प्लॅनेटरी गिअरने, म्हणजे मधल्या चक्राभोवती लहान चक्रे फिरणाऱ्या दातेरी संचाने, जोडलेले असतात. ज्याला ई-सीव्हीटी म्हणतात त्या या गिअरव्यवस्थेत पट्टा नाही, क्लच नाही, आणि नेहमीच्या ऑटोमॅटिक गाडीतला टॉर्क कन्व्हर्टरही नाही. वेगळा स्टार्टर नाही, कारण इंजिन जनरेटरच फिरवून सुरू करतो. अल्टरनेटरही नाही. गाडी मागे घेताना चाके केवळ मोटारीवर फिरतात. बाहेरून गुंतागुंतीची वाटणारी ही यंत्रणा झिजणाऱ्या भागांच्या बाबतीत साध्या ऑटोमॅटिकपेक्षाही सुटसुटीत आहे, आणि माझ्या मते हायब्रिडच्या विश्वासार्हतेचे मूळ इथेच आहे.

ही रचना प्रयोगावस्थेतली नाही. टोयोटाने १९९७ मध्ये जपानमध्ये पहिली प्रियस याच तत्त्वावर विकायला काढली. फोर्डची २००४ ची एस्केप हायब्रिड याच घराण्यातली होती आणि त्याच वर्षी दोन्ही कंपन्यांनी एकमेकींच्या हायब्रिड पेटंटबाबत करार केला. ती एस्केप २००५ पासून न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी म्हणून धावू लागली. दिवसरात्र थांबत-सरकत चालणाऱ्या टॅक्सीइतकी कठोर परीक्षा खासगी गाडीची क्वचितच होते. मॅव्हरिकचा हायब्रिड गिअरबॉक्सही याच प्लॅनेटरी पद्धतीचा आहे. त्यामुळे पिकअपची वाट पाहणाऱ्या वाचकालाही हायरायडरचा अनुभव बऱ्याच अंशी लागू पडेल.

बडोद्यात या गाडीचा खरा कस लागतो तो मांडवी, लहेरीपुरा, रावपुरा या भागांत. सकाळी दांडिया बाजारातून माल भरून निघाले की पुढचा अर्धा तास पहिल्या-दुसऱ्या गिअरचा वेग असतो. अशा वेळी इंजिन बहुतांश बंदच राहते. गर्दीत गाडी मोटारीवर सरकते, ब्रेक लावला की मोटार उलट काम करून बॅटरीत वीज भरते, आणि बॅटरी उतरली की इंजिन काही मिनिटे चालू होऊन पुन्हा शांत होते. शहरात लिटरला बावीस ते पंचवीस किलोमीटर ॲव्हरेज पडते आणि पावसाळी गार दिवसांत त्याहूनही थोडे जास्त मिळते. कंपनीचा २७.९७ चा आकडा चाचणीतला आहे. त्याच्याशी रोजच्या वापराची तुलना करणे योग्य नाही.

मे महिन्यात सुरतेहून परत येताना जांबुवाच्या पुलावर अडकलो तो प्रसंग मात्र नमूद करायला हवा. ट्रकांची रांग हलत नव्हती, बाहेर बेचाळीस अंशांच्या पुढे तापमान, मागे कापडाचे तागे आणि गाडीत आई. इंजिन बंद असूनही एसी तसाच गार हवा देत होता, कारण त्याचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. काही मिनिटांनी इंजिन सुरू व्हायचे, बॅटरी थोडी भरायचे आणि पुन्हा बंद पडायचे. शेजारच्या गाड्यांची इंजिने तासभर सलग तापत होती. धंद्याच्या गाडीचे आयुष्य असल्याच तासांमध्ये खर्ची पडते, आणि हायब्रिडमध्ये त्या तासांत इंजिनाला बराचसा आराम मिळतो.

महामार्गावर चित्र बदलते. बडोदे ते भरूच हा दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये खुला झाल्यापासून सुरतेचा प्रवास सोपा झाला आहे, पण तिथे एकशे दहा-वीसच्या वेगाने गाडी नेली की ॲव्हरेज अठराच्या आसपास येते. ताशी नव्वदला तेच वीस-एकवीस होते. सलग वेगात ब्रेक लागत नाहीत, त्यामुळे वीज परत मिळवण्याची संधीच येत नाही आणि सारा भार पेट्रोलवर पडतो. भरलेल्या गाडीने ओव्हरटेक करताना तीन सिलिंडरच्या इंजिनाचा आवाज आत स्पष्ट ऐकू येतो. हा बिघाड नव्हे, परंतु जो मनुष्य रोज लांबचा प्रवास करतो त्याने हे आधी अनुभवून मगच निर्णय घ्यावा.

आता बॅटरीविषयी. गाडी घेताना नातेवाइकांपासून शेजारच्या दुकानदारापर्यंत प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला होता, की बॅटरी गेली तर काय करणार. हायरायडरची मुख्य बॅटरी लिथियम-आयनची असून जेमतेम पाऊण युनिट वीज साठवते. कंपनी तिच्यावर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर हमी देते. महत्त्वाचे असे की, ही बॅटरी कधीच पूर्ण भरू दिली जात नाही आणि कधीच पूर्ण रिकामीही होऊ दिली जात नाही. संगणक तिला मधल्या पट्ट्यात ठेवतो, आणि त्यामुळेच ती टिकते. मोबाइलच्या बॅटरीचा अनुभव इथे लावून घाबरण्याचे कारण नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच राज्यात हंसलपूर येथे हायब्रिड बॅटरीच्या इलेक्ट्रोडचे उत्पादन सुरू झाले, ही गोष्टही पुढच्या काळातील सुट्या भागांच्या दृष्टीने आशादायक आहे.

बॅटरीचा खरा शत्रू उष्णता आहे. ही बॅटरी डिकीच्या तळाशी बसवलेली असून तिला गार ठेवण्यासाठी एक पंखा गाडीच्या आतलीच हवा ओढून घेतो. ती हवा एका जाळीतून जाते. आमच्या व्यवसायात ही जाळी फार मोलाची ठरली. मखमल आणि शनिलच्या कापडाचे तागे चढवताना-उतरवताना बारीक तंतू उडतात, आणि ते सारे तंतू हवेबरोबर त्या जाळीकडे ओढले जातात. एका उन्हाळ्याच्या तोंडावर जाळी उघडून पाहिली, तेव्हा तिच्यावर करड्या रंगाचा नमद्यासारखा थर बसलेला होता. बोटाने उचलला तर तो सलग तुकडा होऊन निघून आला. त्याच्या आठवडाभर आधी गाडी शहरातील एका वर्कशॉपमधून सर्व्हिसिंग होऊन आली होती आणि बिलात बॅटरीच्या पंख्याची सफाई अशी स्वतंत्र ओळ होती. तिथल्या सुपरवायझरसमोर फोटो ठेवले तेव्हा त्यांनी आधी उत्तर टाळले, नंतर लेखी तक्रार केल्यावर रक्कम परत दिली. त्याच बिलात इंजिन डीकार्बनायझिंग आणि एसी डक्टची फवारणी हीही कामे लावलेली होती. वेळापत्रकात नसलेली ही कामे मागितल्याशिवाय करू नयेत, असे आता प्रत्येक वेळी जॉबकार्डवर लिहून घेतो.

ही तक्रार एवढ्या विस्ताराने लिहिण्याचे कारण असे की, हायब्रिड गाडीच्या दीर्घायुष्याचा कळीचा मुद्दा मला यातच दिसतो. मोठ्या आणि महागड्या भागांची भीती सर्वांना असते. गाडीला त्रास मात्र लहान आणि दुर्लक्षित गोष्टींमुळे होण्याचा संभव अधिक असतो. पंख्याची जाळी तुंबली की बॅटरी तापते, ती तापली की संगणक तिचा वापर कमी करतो, आणि मग इंजिन अधिक वेळ चालू राहते. ॲव्हरेज विनाकारण घसरू लागले तर इंजिनाकडे पाहण्याआधी ही जाळी पाहावी. कापूस, कापड, पीठ, लाकडाचा भुसा किंवा पाळीव प्राण्यांचे केस अशा कोणत्याही गोष्टीशी गाडीचा रोज संबंध येत असेल, तर वर्षातून एकदा होणाऱ्या सफाईवर विसंबू नये. आमचा मदतनीस आता दर महिन्याला मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमने जाळी साफ करतो, आणि मालाच्या बाजूने तिच्यावर ओझे किंवा चादर येणार नाही याकडेही लक्ष ठेवतो.

दुसरी अशीच लहान गोष्ट म्हणजे बारा व्होल्टची साधी बॅटरी. ती उतरली तर हायब्रिड गाडी सुरूच होत नाही, कारण मुख्य बॅटरी यंत्रणेशी जोडणारे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, या साध्या बॅटरीच्याच विजेवर बंद-चालू होतात. डिकीत एवढी मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही, हे पाहून अनेकांना संपूर्ण हायब्रिड यंत्रणाच बिघडली असे वाटते. बडोद्यातील कितीतरी ज्येष्ठ मंडळी मुलांकडे अमेरिकेत किंवा कॅनडात महिनोन्महिने जातात आणि गाडी सोसायटीत उभी राहते. अशा घरांनी आठवड्यातून एकदा कुणाला तरी गाडी रेडी अवस्थेत, म्हणजे पूर्ण सुरू करून, अर्धा तास ठेवायला सांगावे. नुसते बटण दाबून रेडिओ लावल्याने बॅटरी भरत नाही, उलट उतरते. शिवाय तीन-चार वर्षांनी ही बॅटरी स्वतःहून बदलून टाकावी. तो खर्च इतर कोणत्याही गाडीइतकाच असतो.

ब्रेकच्या बाबतीत हायब्रिडचा लाभ स्पष्ट दिसतो. वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटार करते, त्यामुळे पॅड फार सावकाश झिजतात. आमच्या गाडीचे मूळ पॅड अजून बदलावे लागलेले नाहीत. परंतु कमी वापराचाही एक तोटा असतो. पावसाळ्यात डिस्कवर गंजाचा पापुद्रा चढतो आणि कॅलिपरच्या पिना आखडू शकतात. पॅड शिल्लक आहेत म्हणून ब्रेक उघडायचेच नाहीत, हे चुकीचे आहे. पावसाळ्यानंतर चारही चाके काढून सफाई आणि ग्रीसिंग करून घ्यावे. पावागढला माचीपर्यंत जाऊन उतरताना गिअरच्या बी स्थितीचा उपयोग करावा. उतारावर बॅटरी पुरेशी भरली की गाडी इंजिन फिरवून वेग रोखते आणि इंजिनाचा आवाज अचानक वाढतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

बडोद्यात राहणाऱ्याला पुराचा विचार टाळता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीने ३५ फुटांची पातळी ओलांडली, जेव्हा धोक्याची पातळी २६ फूट आहे, आणि शहराच्या मोठ्या भागात गाड्या पाण्याखाली गेल्या. आमची गाडी आदल्या संध्याकाळीच उड्डाणपुलावर नेऊन उभी केली होती, म्हणून ती वाचली. हायब्रिडची मुख्य बॅटरी तळाजवळ असल्याने हा प्रश्न साध्या पेट्रोल गाडीपेक्षा अधिक गंभीर आहे. अशा गाडीत पाणी शिरले तर ती सुरू करण्याचा प्रयत्न अजिबात करू नये, नारिंगी रंगाच्या जाड केबलना हात लावू नये आणि गाडी सपाट पाठीच्या ट्रकवर चढवूनच हलवावी. पुढची चाके जमिनीवर फिरवत ओढून नेली तर मोटारही फिरत राहते आणि नुकसान वाढू शकते. विमा घेताना इंजिन संरक्षणाची जोड घेतली एवढ्यावर समाधान मानू नये. पाण्याने मुख्य बॅटरी आणि तिची वीज मोटारीला लागणाऱ्या रूपात बदलणारा इन्व्हर्टर खराब झाल्यास भरपाई मिळेल का, हे पॉलिसीच्या शब्दांत वाचून घ्यावे किंवा विमा कंपनीकडून लेखी घ्यावे.

कंपनीच्या बाजूने सुधारणेसाठी गाड्या परत बोलावण्याचे प्रसंगही आले आहेत. जानेवारी २०२३ मध्ये एअरबॅग कंट्रोलरच्या तपासणीसाठी टोयोटाने ग्लान्झा आणि हायरायडरच्या काही गाड्या, आणि मारुतीने याच घडणीची ग्रँड विटारा धरून आपल्या काही गाड्या बोलावल्या. तिकडे मॅव्हरिकच्या २.५ लिटर हायब्रिडलाही २०२२ मध्ये, इंजिन निकामी झाल्यास तेल किंवा इंधनाच्या वाफेने आग लागण्याच्या शक्यतेमुळे, मोठ्या प्रमाणावर परत बोलावले गेले होते. यांपैकी एकही तक्रार हायब्रिड बॅटरीची किंवा प्लॅनेटरी गिअरची नव्हती. तरीही चॅसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर वर्षातून एकदा तपासणे हे प्रत्येक मालकाचे काम आहे, विशेषतः गाडी दुसऱ्या हाताने घेतलेली असेल तर.

पैशांचा हिशेब सरळ आहे. बडोद्यात पेट्रोल लिटरला सुमारे ९५ रुपये धरले, तर लिटरला १४ किलोमीटर देणारी पेट्रोल ऑटोमॅटिक गाडी हजार किलोमीटरला सुमारे ६,८०० रुपयांचे इंधन पिते, आणि २३ देणारी हायब्रिड सुमारे ४,१०० रुपयांचे. वर्षाला वीस हजार किलोमीटर चालवणाऱ्याची त्रेपन्न हजारांच्या आसपास बचत होते. साध्या आणि हायब्रिड आवृत्तीतील किमतीचा फरक एवढ्या वापरात भरून यायला पाच-सहा वर्षे लागतात. त्याहून कमी चालवणाऱ्याने केवळ बचतीसाठी हायब्रिड घेऊ नये. सरकारी कराचे धोरणही साथ देत नाही. सप्टेंबर २०२५ च्या बदलानंतरही या आकाराच्या हायब्रिडवर ४० टक्के जीएसटी आहे, तर पूर्ण विजेवरच्या गाडीवर ५ टक्के. शहरात सुमारे ४० टक्के इंधन वाचवणाऱ्या गाडीला दिलेली ही वागणूक मला अन्यायाची वाटते. गुजरातमध्ये सीएनजीचे पंप जागोजागी असल्याने महामार्गावर अधिक धावणाऱ्यासाठी सीएनजीच स्वस्त पडेल, पण टाकीमुळे डिकी जवळजवळ संपते आणि मालासाठी गाडी घेणाऱ्याला ते परवडत नाही.

जागेबाबत हायब्रिडचीही अडचण आहेच. बॅटरीमुळे डिकीचा तळ उंचावला आहे आणि साध्या आवृत्तीपेक्षा जागा बरीच कमी झाली आहे. मागची सीट पाडल्यावर आमचे तागे आडवे बसतात. पडद्यांचे लांब रॉड मात्र आजही टेम्पोनेच पाठवावे लागतात. ओझे चढवताना तळ उंच असल्याने कंबरेवर ताण कमी येतो, हे मदतनिसाचे म्हणणे मला पटते. जड सामान सतत न्यायचे असेल तर ही गाडी त्यासाठी नाही, आणि पिकअपची जागा ती घेऊ शकत नाही.

ज्यांना जुनी हायब्रिड घ्यायची आहे त्यांनी सर्व्हिसिंगची पूर्ण नोंद पाहावी, अधिकृत ठिकाणी बॅटरीची तपासणी करून तिचा छापील अहवाल घ्यावा, इन्व्हर्टरच्या स्वतंत्र कूलंटची पातळी पाहावी आणि पंख्याची जाळी स्वतःच्या हाताने उघडून बघावी. २०२४ च्या पावसाळ्यात गाडी बडोद्यात होती का आणि कुठे उभी होती, हेही विचारावे. सीटखालचे रूळ, सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याचा शेवटचा भाग आणि डिकीच्या गालिच्याखालचे स्क्रू यांवर गंज किंवा वाळलेला गाळ आढळला, तर किंमत कितीही कमी असली तरी ती गाडी घेऊ नये.